कापसांतील आश्रयाच्या ओळी

जनुक बदललेलें अन्न आपल्या घरांत शिरलें आहे काय, असा प्रश्न आमच्या घरच्या स्त्रिया हल्लीं वारंवार विचारतात. बीटी वांग्यास २००९ सालीं तज्ज्ञसमितीनें संमति दिली. परंतु फेब्रुवारी २०१० मध्यें सरकारनें तें स्थगित केलें. बांगलादेशांत मात्र २०१४ पासून तें पिकतें. कापसाची गोष्ट निराळी. बीटी कापसास २००२ सालींच परवानगी मिळाली, आणि त्याच्या सरकीचें तेल कढईंत व पेंड गव्हाणींत केव्हांच पोंचली. शुद्ध केलेल्या तेलांत प्रथिनाचा अंश जवळजवळ उरत नाहीं, म्हणून त्याचें भय आम्ही बाळगीत नाहीं. आमची चिंता शेतांतील आहे.

बॅसिलस थुरिंजिएन्सिस नांवाचा मातींतला एक जंतु अळीच्या आंतड्यास घातक असें प्रथिन निर्माण करतो. तें घडविणारें जनुक कापसांत घातल्यानें बोंड पोखरणारी अळी खातां खातांच मरते. प्रारंभींचीं कांहीं वर्षें आमच्या विदर्भांत बोंडअळीवरील फवारण्या खरोखर कमी झाल्या. हें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. २००६ सालीं दोन जनुकांचें वाण आलें. तरीही २०१७ सालीं शेंदरी बोंडअळीनें हेंच वाण बोंडाबोंडांतून फस्त केलें.

हें कसें घडलें? त्या काळीं ४५० ग्रॅम बियाण्याच्या पिशवीबरोबर १२० ग्रॅम साध्या कापसाचें बियाणें मिळे. तें शेताच्या कडेनें पेरावयाचें असे. लोक त्यास ‘रेफ्युजी’ म्हणत. आमचे पुतणे शेती पाहतात, ते हंसून म्हणाले, “काका, अळीसाठीं का वावर पेरायचें?” प्रश्न वाजवी होता. वैश्वदेवांत आपण भूतमात्रांसाठीं बलि काढतों, तसा हा धर्म नव्हे. हा निव्वळ हिशेब आहे. बीटीस न जुमानणारी अळी आरंभीं अगदीं विरळा असते. कडेच्या साध्या ओळींतून निघालेल्या पुष्कळ पतंगांशीं तिच्या पतंगांचा संकर झाला, तर बहुतेक संतति बीटीवर मरते. त्या ओळीच नसल्या, म्हणजे वांचलेल्यांचा संबंध वांचलेल्यांशींच होतो. ती पाकिटें गांवोगांव फेंकली गेलीं. ज्यानें ओळी राखल्या त्याचें रान गेलें, आणि लाभ मात्र शेजाऱ्यांत वांटला गेला. मग एकट्यानें काय म्हणून राखाव्या?

दुसरें कारण फरदडीचें. वेंचणी आटोपल्यावर पाणी देऊन पीक फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभें ठेवलें, कीं शेंदरी अळीस अखंड अन्नछत्र मिळतें. कारण तिचें पोट मुख्यतः कापसावरच भरतें. डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटावी, असें कृषि-विद्यापीठें सांगत असतात. जनुकावर सगळा भार टाकून ही साधी मशागत सोडणें आम्हांस मुळींच पसंत नाहीं.

तथापि पुतण्यांचें म्हणणेंही ऐकण्यासारखें आहे. यंदा विहिरीस पाणी आहे, मुलीच्या महाविद्यालयाची फी भरावयाची आहे, आणि फरदडीचे दोन क्विंटल मिळाले तरी हातभार लागेल. पऱ्हाटी उपटा, असें आम्ही सांगितलें; फीपैकीं निम्मी रक्कम आमच्या निवृत्तिवेतनांतून देऊं, असेंही म्हटलें. त्यांनीं शेजारच्या चौघांस विचारून कळवितों म्हणून सांगितलें आहे. ते चौघे पाणी देत राहिले, तर आमच्या एका वावरानें फारसें कांहीं साधावयाचें नाहीं, हें त्यांसही ठाऊक आहे आणि आम्हांसही.