केर काढणाऱ्या यंत्राची निवड

लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात एक गृहिणी आहे. तिच्या दहा नाण्यांपैकी एक हरवते. ते सापडावे म्हणून ती दिवा लावते आणि सारे घर झाडून काढते. या दाखल्यावर प्रवचने पुष्कळ होतात, परंतु त्या स्त्रीच्या हातातील केरसुणीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. स्वर्गातील आनंदाची गोष्ट सांगताना प्रभू येशूला घर झाडण्याचे काम हलके वाटले नाही. आपल्याला मात्र घरातला केर जणू आपोआप निघतो असे वाटते, आणि तो काढणारी व्यक्ती समोर असूनही दिसत नाही.

अलीकडे आपल्या कुटुंबांतून धूळ ओढून घेणारे विजेचे यंत्र, म्हणजेच व्हॅक्यूम क्लीनर, बरेच दिसू लागले आहे. कोणते यंत्र घ्यावे, असे मला धर्मग्रामातील काही घरांनी विचारले होते. धर्मगुरूला विचारण्याचा हा प्रश्न नव्हे, असे म्हणून मी तो हसण्यावारी नेत असे. पण यंदा आमच्या चर्चसाठीच ते यंत्र घेण्याची वेळ आली, आणि विषयाचा थोडा अभ्यास करणे भाग पडले. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

आमच्या बेळगाव भागातली तांबडी माती सर्वांच्या परिचयाची आहे. उन्हाळ्यात ती वाऱ्याबरोबर येते, पावसाळ्यात चपलांबरोबर. आमच्या चर्चमधील वेदीभोवतीची जमीन जुन्या सागवानी फळ्यांची आहे, आणि वेदीसमोर भदोहीकडचा, हाताने गाठी मारून विणलेला लोकरीचा गालिचा आहे. एका कुटुंबाने आपल्या आईच्या स्मरणार्थ तो दिलेला आहे. याच गालिच्यावर वधूवर गुडघे टेकतात, आणि याच गालिच्यालगत आम्ही आपल्या माणसांच्या शवपेट्या ठेवतो. त्याची किंमत पैशांत सांगता येण्यासारखी नाही.

लाकूड आणि लोकर या दोहोंचा शत्रू एकच, तो म्हणजे खडा. मऊ धूळ केवळ मळवते. पण मातीतले बारीक, टोकदार कण पायाखाली फळीवर घासले गेले की पॉलिशकागदाप्रमाणे तिची झिलई खरवडतात. गालिच्यात हेच कण लवेच्या तळाशी जाऊन बसतात, आणि प्रत्येक पावलागणिक लोकरीचे धागे मुळाशी कापत राहतात. केरसुणीने वरचा केर निघतो, तळाचा निघत नाही. दोरीवर टाकून काठीने झोडपल्यास धूळ निघते खरी, पण जुन्या गालिच्याचे ताणेबाणे खिळखिळे होतात. म्हणून अशा ठिकाणी यंत्र ही चैन नसून सोय आहे.

परंतु चुकीचे यंत्र केरसुणीहूनही अधिक नुकसान करते. दुकानात गेल्यावर विक्रेता प्रथम वॅटचा आकडा सांगतो. हा आकडा यंत्र वीज किती खाते ते सांगतो, धूळ किती ओढते ते नव्हे. युरोपीय संघाने 2014 साली अशा यंत्रांवर 1600 वॅटची आणि 2017 साली 900 वॅटची मर्यादा घातली. त्यामुळे तेथील घरे काही धुळीने भरून गेली नाहीत. तेव्हा मोठ्या आकड्याला भुलू नये.

त्याऐवजी यंत्राचे तोंड पाहावे. पुष्कळ यंत्रांच्या तोंडाशी ताठ केसांचा एक रूळ वेगाने फिरत असतो. यंत्राने विणलेल्या जाड गालिच्याला तो चालतो. पण लाकडी जमिनीवर तो खडे मागे भिरकावतो, आणि हाताने विणलेल्या गालिच्याची लव उपटतो. म्हणून हा रूळ बंद करता येतो की नाही, हे प्रथम विचारावे. लाकडासाठी मऊ केसांचा रुंद ब्रश असलेले वेगळे तोंड असावे, आणि चाके रबराची असावीत. मुठीपाशी ओढ कमी करण्याची खिडकी किंवा खटका असणे अगत्याचे आहे. गालिच्यावर नेहमी कमी ओढीने, लवेच्या दिशेने यंत्र फिरवावे. कडेच्या दशांवर ते कधीही नेऊ नये, कारण त्या आत ओढल्या जाऊन तुटतात. गालिचा रेशमी असेल तर यंत्राचा मोह टाळून मऊ ब्रश हातात घ्यावा हे उत्तम. नवलगुंदच्या स्त्रिया विणतात तसले सुती जमखाने ज्यांच्या घरी आहेत, त्यांनी ते दोन्ही बाजूंनी, हलक्या ओढीने साफ करावेत; त्यांना लव नसल्याने काम सोपे असते. गालिचा कपाटाखाली किंवा कोचाखाली गेला असेल, तर तेथील अंधारा भाग विसरू नये. लोकर खाणारी कीड तेथेच वाढते.

ओले आणि कोरडे दोन्ही ओढणारी यंत्रे मिळतात. ती वाईट नव्हेत. पण फळ्यांच्या जमिनीवर पाणी घालून ती चालवू नयेत. पाणी फळ्यांच्या सांध्यांत उतरते आणि लाकूड फुगते. बिनतारी यंत्र हाताळण्यास सोपे असते, परंतु त्याची बॅटरी वर्षागणिक थकते. आपोआप फिरणाऱ्या वाटोळ्या यंत्राला तर दशांचा गुंता सोडवता येत नाही.

येथवर लाकडाचा आणि लोकरीचा विचार झाला, माणसाचा राहिला. आमचे चर्च गेली अनेक वर्षे एक मावशी झाडतात. धर्मग्रामात कोणाला आठवण्याआधी त्यांना गालिच्याचे डाग आठवतात. गेल्या दोन हिवाळ्यांत त्यांना खोकला जडला. डॉक्टरांनी धूळ टाळा असे सांगितले. ज्यांचे कामच धूळ, त्यांनी ती टाळायची कशी? यंत्राचा विषय निघाला तो या खोकल्यामुळे.

समितीच्या बैठकीत एका सभासदांनी हिशेब मांडला. ते म्हणाले, "फादर, यंत्र आले की मावशींची गरज काय? त्यांच्या पगारातून दोन वर्षांत यंत्राची किंमत भरून निघेल." सभासद भले गृहस्थ आहेत, चर्चचा पैसा वाया जाऊ नये, एवढाच त्यांचा हेतू. पण ते ऐकून मी काही क्षण गप्प राहिलो. ज्या खोकल्यासाठी औषध आणायचे, त्या औषधानेच रोग्याला घराबाहेर काढायचे, असा त्याचा अर्थ होत होता.

मी त्यांना या यंत्राचा इतिहास सांगितला. 1901 साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ या अभियंत्याने धूळ ओढणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. ते एवढे मोठे होते की घोडागाडीवरून न्यावे लागे आणि लांब नळ्या खिडक्यांतून आत सोडाव्या लागत. 1902 साली राजा सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकापूर्वी वेस्टमिन्स्टर अॅबीतील गालिचे त्यानेच साफ केले. म्हणजे देवालयाशी या यंत्राचे नाते जुने आहे. परंतु घराघरांत पोहोचले ते बूथचे यंत्र नव्हे. अमेरिकेत ओहायो राज्यातील कँटन गावी जेम्स मरे स्पँगलर नावाचा गृहस्थ एका दुकानात झाडलोटीचे काम करी. त्याला दमा होता, आणि झाडताना उडणारी धूळ त्याला सोसवत नसे. त्याने पंख्याची मोटार, साबणाची पेटी, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून एक यंत्र बनवले, आणि 1908 साली त्याचे पेटंट मिळवले. पुढे ते हूवर यांनी विकत घेतले व ते नाव जगभर झाले. सांगायचे एवढेच, की हातात धरता येणारे हे यंत्र एका आजारी झाडूवाल्याने स्वतःच्या श्वासासाठी घडवले. त्याच्या जागी दुसऱ्या झाडूवालीची रोजी जावी, हे त्याच्या कल्पनेतही नसेल.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1981 साली मानवी श्रमावर एक परिपत्रक लिहिले. काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नव्हे, हा त्याचा गाभा. यंत्र हे माणसाचे सहकारी असते, पण ते कामगाराला बाजूला सारू लागले म्हणजे शत्रूही होते, याची जाणीव तेथे स्पष्टपणे दिलेली आहे. सभासदांनी मान डोलावली. त्यांचे पूर्ण समाधान झाले असे मात्र मला वाटले नाही.

यंत्र पाहायला मी मावशींनाच दुकानात घेऊन गेलो. विक्रेता माझ्याकडे पाहून बोलत होता. मी त्याला मावशींना दाखवण्यास सांगितले. त्यांनी तीन यंत्रे हाताळली. सर्वांत जोरदार होते ते त्यांना वेदीच्या पायऱ्यांवर उचलून नेता येईना. दुसऱ्याची धूळ रिकामी करताना पुन्हा तोंडावरच येई. अखेर ज्याची धूळ बंद पिशवीत जमते, ज्यात हेपा जातीची गाळणी आहे, आणि ज्याचे तोंड हलके असून धड चाकांवर मागून येते, ते त्यांनी पसंत केले. ही गाळणी 0.3 मायक्रॉनचे कणही शेकडा 99.97 इतक्या प्रमाणात अडवते. पण यंत्राचे सांधे घट्ट नसतील तर तिचा उपयोग नाही. पिशव्या पुन्हा पुन्हा विकत घ्याव्या लागतात, हा खर्च आहे. दम्याच्या किंवा खोकल्याच्या माणसासाठी तो करावा.

परतताना मावशी म्हणाल्या, "फादर, हे उद्या बिघडलं तर बोल माझ्यावर येणार नव्हं?"

वॅट, गाळणी आणि चाके यांचा विचार करताना हा प्रश्न आमच्यापैकी कोणालाच सुचला नव्हता. महागडी वस्तू गरिबाच्या हाती देताना आपण तिच्याबरोबर भीतीही देतो. पुढच्या बैठकीत समितीच्या वहीत तीन गोष्टी लिहून घेतल्या: दुरुस्ती चर्चची, पगार आहे तोच, आणि पिशव्या संपण्यापूर्वी आणायच्या. मावशींना ते वाचून दाखवले. अंगणासाठी खराटा अजून त्यांच्याकडेच आहे, आणि तो कोणाला देण्यास त्या तयार नाहीत.

लीमा येथील संत मार्टिन दे पोरेस यांच्या हाती चित्रांत नेहमी झाडू असतो. डोमिनिकन मठात झाडलोट करणाऱ्या या बंधूला पोप तेविसावे जॉन यांनी 1962 साली संतपद दिले. आपल्या घरी नवे यंत्र येईल तेव्हा त्याचे तोंड, चाके, गाळणी अवश्य तपासा. पण ते रोज कोण चालवणार, हे आधी ठरवा, आणि ती व्यक्ती मोलकरीण असो, सून असो वा आई, तिला दुकानात बरोबर न्या. तिच्या हाताला ते किती जड लागते आणि तिच्या मनात कोणती भीती आहे, हे विचारूनच पैसे मोजा.