काथ्याकूट आणि विरळणी

क्षुल्लक गोष्टींत गुंतून पडणाऱ्या स्वभावाला इंग्रजी भाषेने मोठी बोलकी नावे दिली आहेत. 'हेअरस्प्लिटिंग' म्हणजे केस उभा चिरणे. 'निटपिकिंग' म्हणजे डोक्यातील लिखा वेचणे. मराठीही मागे नाही. आपण काथ्या कुटतो, शब्दाचा कीस काढतो.

परंतु बारीक काम म्हणजे दोष नव्हे. लेकीच्या डोक्यातील लिखा काढणाऱ्या आईला कोणी नावे ठेवत नाही. आपल्या निफाड-दिंडोरीकडे द्राक्षांची विरळणी चालते, तेव्हा स्त्रिया हाती कात्री घेऊन घडातील नको ते मणी काढतात. उरलेले मणी नीट फुगावेत, एवढ्यासाठीच ते कष्ट.

प्रभू येशूनेही बारकाव्यांना दोष दिला नाही. पुदिना, शेप आणि जिरे यांचा दशांश देणाऱ्या परूशांना तो देऊ नका असे प्रभू म्हणाला नाही. त्यांनी न्याय, दया आणि विश्वास सोडून दिला, हे त्याचे दुःख होते. चिलट गाळून उंट गिळण्याचा त्याचा दृष्टान्त संत मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात आहे.

हीच खोड अंतःकरणात शिरली की तिला 'स्क्रुपल' म्हणतात. या शब्दाचे मूळ लॅटिन आहे आणि त्याचा अर्थ टोकदार बारीक खडा. वहाणेत खडा शिरला की वाटसरूला वाट दिसेनाशी होते, खडाच तेवढा जाणवतो. १५२२ साली मान्रेसा येथे संत इग्नाती लोयोला याच व्यथेने पोळले. सांगून झालेली पापे ते पुन्हापुन्हा सांगत, तरी मनाला शांती नव्हती. जुनी पापे पुन्हा उगाळायची नाहीत, असा निश्चय केल्यावरच त्यांची सुटका झाली. दयाळू पित्यापेक्षा स्वतःची चूक मोठी मानणे, हाही एक उंट गिळणेच होय.

धर्मग्रामाचा सण जवळ आला की पत्रिकेत कोणाचे नाव आधी, मिरवणुकीत कोण पुढे, यावर बैठका रंगतात. नियोजन हवेच. मात्र त्याच बैठकीत आम्हांला आणखी एक प्रश्न ऐकावासा वाटतो : अंथरुणाला खिळलेल्या कोणत्या घरी ख्रिस्तप्रसाद पोहोचायचा राहिला आहे? त्या घरांची यादी आपण कितीही बारकाईने केली, तरी तिला कोणी काथ्याकूट म्हणणार नाही.