नशिराबाद टू तारकर्ली, व्हाया स्कूटर

नशिराबाद म्हणजे जळगाव-भुसावळ हायवेवर बाईक दामटताना मागे पडणारं गाव. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. पण भुसावळला मंगला एक्स्प्रेस पकडली की थेट कोकण रेल्वे, पुढे तारकर्ली! एमटीडीसीचं स्कूबा सेंटर तिथेच, 2015मध्ये सुरू झालेलं. पावसाळ्यात मात्र डायव्हिंग बंद.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर फिन्स मारताना दम लागणारा एखादा दोस्त पाण्याखालची स्कूटर घ्यायची म्हणतो, तेव्हा पहिला प्रश्न असतो, 'स्पीड किती?' बॉस, खरा प्रश्न वेगळाच आहे. बॅटरी मध्येच मेली तर? धडधाकट डायव्हर पाय मारत परत येईल. याचं काय? म्हणून फंडा सिम्पल: पाय मारून परतता येईल तेवढंच लांब जायचं, तेही आधी प्रवाहाविरुद्ध, आणि सोबत तगडा बडी. डॉक्टरांचा होकार तर त्याआधीच हवा.

हातात धरायच्या छोट्या मॉडेलचा सगळा ताण खांद्यांवर येतो, म्हणून हार्नेसला दोरीने अडकवता येणारी बघा. ट्रिगर सोडताच मोटर थांबायलाच हवी. वर येताना स्कूटर बंद. मिनिटाला 9 मीटरपेक्षा वेगाने वर येणं जिवावर बेतू शकतं.

विमानाने जाणार? मग लिथियम बॅटरी 100 वॉट-अवरच्या आतली, केबिन बॅगेत. 160च्या वरची नेताच येत नाही.

ट्रायल स्विमिंग पूलमध्ये घ्या. पण गोड्या पाण्यात जिथल्या तिथे राहणारी स्कूटर खाऱ्या पाण्यात थोडी वर उचलली जाते, तेव्हा छोटी वजनं बॅगेत असू द्या.