एकाच सूर्याखाली

रायगड जिल्ह्यात, मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर माणगाव आहे. तेथे एका तरुण सैनिकाचा पुतळा उभा आहे. त्याचे नाव यशवंत घाडगे. माणगाव तालुक्यातीलच पळसगाव हे त्याचे जन्मगाव. सन १९२१ मध्ये एका साध्या कोकणी घरात तो जन्मास आला, आणि वयाची तेवीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच हजारो कोस दूर इटलीच्या भूमीवर त्याने देह ठेवला.

ते दुसरे महायुद्ध होते. हिटलरच्या सैन्याने इटलीतील डोंगर व खोरी रोखून धरली होती. त्यांच्याशी लढण्यासाठी हिंदी सैन्याचे पन्नास हजारांहून अधिक जवान तेथे गेले होते. यशवंत हा पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत नाईक होता. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात एका बळकट ठाण्यावर चालून जाताना त्याच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. क्षणार्धात सारे सोबती पडले. कोणी ठार, कोणी घायाळ. उभा राहिला तो एकटा यशवंत.

त्याने मागे पाहिले नाही. टॉमीगन चालवीत तो सरळ त्या मशीनगनवर धावला. हातबाँब फेकून त्याने ती बंद पाडली व तिच्यावरील एकास गोळी घातली. पुढे गोळ्या भरण्यास सवड नव्हती. तेव्हा बंदूक नळीकडून धरून तो उरलेल्या दोघांवर तुटून पडला. ठाणे हाती आले; परंतु दडून बसलेल्या शत्रूच्या गोळ्या त्याच्या छातीत व पाठीत शिरल्या, आणि जिंकलेल्या त्याच जागी तो कोसळला. मरणोत्तर त्यास व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिश साम्राज्याचे सर्वोच्च शौर्यपदक देण्यात आले.

ही कथा मी एकदा नर्मदाकाठच्या मणिबेली गावी मुलांना सांगितली. मणिबेली नंदुरबार जिल्ह्यात आहे. आणि शिरीषकुमारचे नाव ठाऊक नाही असे मूल त्या जिल्ह्यात क्वचितच सापडेल. कथा संपल्यावर एका मुलाने विचारले, “गुरुजी, शिरीषकुमार इंग्रजांच्या राज्याविरुद्ध उभा राहिला. हा तर इंग्रजांच्या सैन्यात होता. मग दोघांनाही नमस्कार कसा करायचा?”

प्रश्न बिनतोड होता. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारात शाळकरी शिरीषकुमार मेहता पोलिसांच्या गोळीने पडला, तेव्हा त्याचे वय अवघे पंधरा वर्षांचे होते. आपण कशासाठी उभे आहोत, हे त्याने स्वतः ठरविले होते. यशवंतचे तसे नव्हते. देश पारतंत्र्यात होता. युद्ध कोणाशी करावे हे ठरविण्याचा अधिकार देशासही नव्हता, मग एका साध्या नाइकास तो कोठून असणार? मी त्या मुलास म्हटले, “बाळ, शिरीषने निवडलेल्या ध्येयाला आपण नमस्कार करतो. यशवंतने युद्ध निवडले नव्हते. पण सोबती पडल्यावर पळून न जाणे, हे त्याने निवडले. त्या निवडीला नमस्कार कर.”

मुलाचे समाधान झाले की नाही, मला ठाऊक नाही; मात्र त्या प्रश्नाने मला पुष्कळ विचार करावयास लावले. ‘वीर’ म्हटले की आपण जयजयकार करतो आणि मोकळे होतो. परंतु त्या जयघोषात एक गोष्ट हरवते. यशवंतच्या कबरीचा ठाव कोणास नाही. ज्यांच्या कबरी सापडल्या नाहीत अशा सुमारे चार हजार सैनिकांची नावे इटलीतील कासिनो येथील स्मारकावर कोरली आहेत. त्यांत त्याचे एक नाव आहे. इटलीच्या त्या मोहिमेत ५,७८२ हिंदी सैनिक कामास आले. तितक्याच घरांत कोणी तरी वाट पाहत राहिले असेल. आणि त्या मशीनगनपाशी पडलेले परके तरुण? त्यांनाही आया होत्याच.

याची जाण इटलीतील लोकांनी ठेविली आहे. पेरुजा प्रांतातील मोंतोने या गावी २०२३ साली यशवंत घाडगे याचे स्मारक उभारण्यात आले. ते आहे एक छायाघड्याळ! आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे लॅटिन वचन हे त्या स्मारकाचे ब्रीद आहे. पळसगावावर जो सूर्य उगवतो, नर्मदेच्या पाण्यावर जो चमकतो, तोच त्या दूरच्या गावी यशवंतच्या स्मारकावर सावली पाडून वेळ सांगतो.

मुलांनो, शूर सैनिकाचे स्मरण अवश्य करा. मात्र त्याचे शौर्य आठवताना त्याचे वयही आठवा. आणि पुन्हा कोणा बावीस वर्षांच्या मुलाला असे मरण येऊ नये, अशी इच्छा मनी धरा.