अर्धे वाक्य

अमेरिकेतील बर्कली शहरी ‘केपीएफए’ हे श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणारे आकाशवाणी केंद्र आहे. तेथे १९८१ साली डॉन जॉइस यांनी ‘ओव्हर द एज’ हा कार्यक्रम सुरू केला आणि २०१५ मध्ये निधन होईपर्यंत चालविला. रात्री उशिरा होणाऱ्या या कार्यक्रमाला संहिता नसे. जाहिराती, भाषणे, गाणी यांचे ध्वनिफितींवर जमविलेले तुकडे जॉइस व त्यांचे ‘निगेटिव्हलँड’ मंडळातील सहकारी ऐन प्रक्षेपणातच एकमेकांना जोडीत. श्रोतेही दूरध्वनीवरून आपले आवाज त्यात मिसळत. चिंध्यांची गोधडी शिवावी, तसा हा प्रकार.

याच मंडळाच्या १९८७ च्या ‘एस्केप फ्रॉम नॉइज’ या ध्वनिमुद्रिकेत एस्टस पर्कल या बाप्टिस्ट उपदेशकाचा आवाज आहे. साम्यवादी सत्ता आली तर ध्वनिक्षेपकांवरून ख्रिस्ती धर्माची कशी हेटाळणी होईल, हे ते प्रवचनात सांगत होते. कात्रीने ‘सत्ता आली तर’ एवढे गाळले. उरली ती हेटाळणी, आणि तीही उपदेशकाच्याच तोंडी!

प्रवचन करणारा मी; मला प्रथम संताप आला. चौदावे स्तोत्र आठवले. देव नाही असे मूर्ख म्हणतो, असे स्तोत्रकार सांगतो. त्यातला मूर्ख गाळला तर काय उरेल? संताप ओसरल्यावर मात्र माझी स्वतःची कात्री दिसली.

माझ्या पूर्वीच्या एका धर्मग्रामात दोन भावांचा जमिनीवरून अबोला होता. समेटासाठी मी थोरल्याकडे गेलो. तो म्हणाला, “फादर, त्याच्या ओट्यावर मी पाय ठेवणार नाही. पण त्याच्या पोरीचं लग्न पैशावाचून अडलं, तर माझी वाडी गहाण टाकीन.” धाकट्याने विचारले तेव्हा माझ्या तोंडून पहिलेच वाक्य गेले. निष्फळ शिष्टाईचा वैताग होता, एवढेच कारण. शब्द थोरल्याचेच होते; त्यांत एकही खोटा नव्हता.

पुढे थोरल्याच्या दफनविधीनंतर मी धाकट्याला दुसरे वाक्य सांगितले. तो बराच वेळ ओल्या मातीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “फादर, हे तेव्हा का नाही सांगितलंत?”

मजजवळ उत्तर नव्हते. बर्कलीच्या त्या कार्यक्रमात तुकडे जोडलेले आहेत, हे श्रोत्याला निदान ठाऊक असते. आपल्या घरांत, वाड्यांत आणि पाद्र्यांच्या बंगल्यातही कात्री आवाज न करता चालते. तेव्हापासून कोणाचाही निरोप नेताना ‘पण’च्या पुढचे मी आधी सांगतो.