विसाला एक उणे

मराठी माणूस नुसतं बोलतानाही वजाबाकी करत असतो, हे कधी लक्षात आलंय? एकोणीस म्हणजे विसाला एक उणे. पावणेदोनशे म्हणजे दोनशेला पंचवीस कमी. आधी जवळची गोल संख्या गाठायची, मग थोडं मागे यायचं. वर्गात अंदाजे वजाबाकी शिकवताना मी इथूनच सुरुवात करत असे.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची पद्धत आली आणि बराच वाद झाला. पद्धत सोपी आहे, मान्य. पण ‘पन्नास नऊ’ म्हटलं की शेजारचे साठ दिसत नाहीत, ‘एकोणसाठ’मध्ये दिसतात.

वजाबाकीचा अंदाज तसा खोडकरच. खात्यात ६,४१२ रुपये, खर्च २,३७५. सहा हजारांतून दोन हजार गेले, राहिले चार. खरं उत्तर ४,०३७. फरक फक्त ३७ चा, कारण दोन्ही संख्या खालीच आणल्या. आता खर्च २,६२५ धरा. त्याचे तीन हजार केले तर उरतात तीन हजार, खरं उत्तर मात्र ३,७८७! एक संख्या खाली, दुसरी वर, की दोन्हीकडचा फरक एकत्र होतो.

आणि संख्या जवळजवळच्या असतील तर आणखी जपून. विजेच्या बिलावर मागचं रीडिंग ४,३८९, चालू ४,५१२. हजारांत धरलं तर पाचातून चार, म्हणजे हजार युनिट! दहांत धरलं तर १२०. खरं उत्तर १२३.

हे गेल्यापासून घरचे हिशेब माझ्याकडे आले. मुलगा म्हणतो, “आई, मोबाईल करतो की सगळं.” करतो ना. पण माझ्या बोटाने एक शून्य जास्त पडलं तर त्याला काय कळणार? त्याला जे दिलं ते तो बिनचूक वजा करतो. साधारण चार हजार उरायला हवेत, हे मलाच आधी ठाऊक असावं लागतं. तेवढं ठाऊक आहे, म्हणून दर महिन्याला कुणाला फोन करून विचारावं लागत नाही. या वयात ही काही लहान गोष्ट नाही.

असो. तुमच्या नातवंडांना एकोणसत्तर म्हणजे किती ते विचारून बघा. अडलीच, तर उत्तर सांगू नका. सत्तराला एक उणे, एवढंच सांगा.