पिनेला काम सांगणे

घरातल्या जुन्या वस्तूंचा एक मोठा गुण असा, की त्यांना त्यांचे काम कोणी सांगावे लागत नाही. उलथने उलथते, अडकित्ता सुपारी कातरतो. एखाद्या सकाळी अडकित्त्याने, ‘आज मी काय करू?’ असे विचारल्याचे ऐकिवात नाही. माझ्या भाच्याने दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात जे यंत्र माझ्यापुढे ठेवले, त्याची तऱ्हा अगदी उलट होती.

शहापूरहून किन्हवली, सरळगाव करीत मुरबाडला जाणाऱ्या रस्त्यापासून जरा आत माझ्या ताईचे घर आहे. मुलूख पाण्याचा, पण पाणी पाहुण्यांचे. भातसा, तानसा, मोडकसागर ही धरणे शहापूर तालुक्यातली. तानसा तर १८९२ सालचे. मुंबईला जाणाऱ्या पाण्यात सर्वांत मोठा वाटा भातसाचा, आणि याच तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत हंडे रांगेत बसलेले दिसतात. ताईच्या बोअरवर शेजारची तीन घरेही अवलंबून. मे महिन्यात दहा मिनिटे पंप चालवला, की तासभर बोअरला विश्रांती द्यावी लागते. रात्री दोन वाजता उठून हे गणित कोणी सांभाळावे? भाच्याने ते रास्पबेरी पायवर सोपवले.

रास्पबेरी पाय म्हणजे पत्त्याएवढ्या पाटीवरचा अख्खा संगणक. मुलांना संगणकाशी खेळता खेळता तो शिकता यावा, म्हणून इंग्लंडातल्या केंब्रिजच्या मंडळींनी तो २०१२ साली बाजारात आणला. पाटीच्या एका कडेला ४० पिना असतात. वीज देणाऱ्या, अर्थच्या आणि दोन राखीव सोडल्या, तर २६ उरतात. या सव्वीसजणींना काम सांगावे लागते. भाच्याच्या पाटीत प्रत्येकीसाठी तीन बिटांची जागा होती. तीन बिटांत आठ आकडे मावतात : एक ऐकण्याचा, एक बोलण्याचा, आणि उरलेले सहा खास कामांचे. मात्र एका वेळी एकच काम. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणे, शिरगणती, निवडणूक आणि खिचडीचा हिशेब हे सारे एकहाती सांभाळणाऱ्या गुरुजींना या पिनांचा हेवाच वाटेल!

शिवाय प्रत्येकीला नंबर दोन. पाटीवर मोजताना जी तिसरी, ती प्रोग्रॅममध्ये २. जी अकरावी, ती १७. शाळेच्या दाखल्यावर एक नाव आणि अंगणातून हाक मारायला दुसरे, तशातलाच हा प्रकार.

भाच्याने पंपाच्या रिलेची तार २ नंबरच्या पिनेला जोडली होती. आठ दिवस सारे सुरळीत चालले. मग वळवाचे ढग आले, वीज जाऊ-येऊ लागली, आणि ताईने एक गोष्ट हेरली. ती म्हणाली, “अरे, वीज आली की हा पंप आधी धावतो आणि मग तुझ्या यंत्राला विचारतो.”

खरेच तसे होत होते. वीज आली, की अर्धा मिनिट पंप आपल्या मर्जीने चाले. एका दुपारी वीज आठ-दहा वेळा गेली-आली, आणि शेवटी नळातून नुसती हवा फुसफुसू लागली. बोअरमधल्या पंपाला थंडावा त्या पाण्याचाच. कोरडा फिरला तर तो जळणार. तो जळला असता, तर चार घरांचे हंडे टँकरच्या रांगेत गेले असते.

भाचा दोन दिवस प्रोग्रॅम वाचत बसला. पण गोम प्रोग्रॅममध्ये नव्हतीच. वीज आल्यावर प्रोग्रॅम जागा व्हायला अर्धा मिनिट लागतो, आणि तेवढ्या वेळात पिनेला कोणीच काही सांगितलेले नसते. अशा वेळी पिना नुसत्या ऐकत बसतात. पण २ आणि ३ या दोघींची गोष्ट निराळी. दुसऱ्या उपकरणांशी दोन तारांवरून बोलणे हे त्यांचे खास काम. त्यासाठी प्रत्येकीला पाटीवरच १.८ किलोओहमचा रोध लावून ३.३ व्होल्टांकडे ओढून धरलेले असते. म्हणजे त्या स्वस्थ बसल्या, तरी त्यांचा हात वर! रिलेच्या ट्रान्झिस्टरला तेवढी खूण पुरे; तो पंप सुरू करून मोकळा होई.

“मामा, तार सतरावर नेतो,” भाचा म्हणाला. “वीज येताच ती खाली ओढलेली असते.”

“आधी मेन स्विच पाड,” ताई आतून ओरडली.

तार हलली. प्रोग्रॅममधला २ खोडून १७ आला. सुरुवातीच्या सेटिंगच्या फाइलीतही एक ओळ वाढली : १७ नंबर, बोलणारी, खाली. ताईचा मात्र फाइलीवर विश्वास नव्हता. तिने स्वतः मेन स्विच पाच वेळा पाडला आणि पाच वेळा चढवला. दर वेळी बोअरकडे कान लावून उभी राहिली. पंप गप्प. पाचव्या खेपेला अर्धा मिनिट सरला, प्रोग्रॅम जागा झाला, रिले ‘टक्’ झाला आणि मगच बोअरमधून घरघर ऐकू आली.

“दहा मिनिटं मोज,” ताईने मला घड्याळ दिले आणि शेजारच्या सुनेला हाक मारली, “अगं, हंडे घेऊन ये!”